आठ नंबरच्या सुया: जावयाच्या स्वेटरचं एक प्रकरण

माझ्याकडे आला तेव्हा स्वेटरची लांबी ७९ सेंटिमीटर होती. हवी होती साधारण साडेअडुसष्ट. बाह्या ५४ सेंटिमीटर, हव्या होत्या ४७. दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली, आणि ज्यांनी तो विणला त्या काकू समोर बसून एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होत्या, "हात सैल झाला गं माझा. वय झालं."

हात सैल झालेला नव्हता. सैल हाताची वीण एका ओळीत घट्ट, दुसरीत ढिली अशी दिसते. इथे पाठीपासून बाहीपर्यंत टाका न् टाका सारखा होता. बिघाड दुसरीकडे होता, आणि तो एक नव्हता, तीन होते, एकावर एक चढलेले. बिघडलेली विणकामं दुरुस्तीला माझ्याकडे येत असतात. त्यांतलं हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यात एकही चूक अडाणीपणाची नाही. काकूंची परवानगी आहे. त्यांची अट एवढीच की नाव घालायचं नाही आणि आकडे मात्र सगळे घालायचे. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंची अट अशीच असणार.

विणणारी कशी आहे

काकू पुण्यात राहतात. शाळेत असल्यापासून विणतात. त्यांच्या सोसायटीत आणि नात्यात जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या बाळंतविड्यात त्यांचं टोपडं, मोजे आणि पुढून बटणांचा स्वेटर असतोच. टीव्हीवरची मालिका बघत, सुयांकडे न बघता त्या विणतात. टाके घालायचे ते अंदाजानं, आणि अंदाज चुकत नाही.

हा अंदाज कशावर बसलेला आहे, ते नीट पाहायला हवं. बाळाचा स्वेटर म्हणजे घेर वीस इंचांच्या आसपास. लोकर ॲक्रिलिकची, दुकानात मिळते ती. दहा सेंटिमीटरला २४ टाके धरले तर पाठीला ६१ टाके लागतात. समजा हात थोडा सैल पडला आणि २४ च्या जागी २३ टाके बसले, तर सगळ्या घेरात फरक पडतो जेमतेम दोन सेंटिमीटरचा. तो कुणाला कळणारही नाही. मोठा झाला तर "वाढत्या अंगाचा आहे" म्हणून उलट कौतुकच. ॲक्रिलिक साध्या पाण्यात धुतल्यावर फारसं बदलत नाही. बाळाचा स्वेटर वजनाला इतका हलका की दोरीवर वाळत घातला तरी ओघळत नाही. म्हणजे इतक्या वर्षांत नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, मोजून बघण्याची गरज काकूंना कधी पडलीच नाही. त्या आळशी होत्या असं नाही. त्यांच्या कामाला ती पायरी लागतच नव्हती.

मोठ्या माणसाचा हातविणीचा स्वेटर आपल्याकडे तसा दुर्मीळच. पुण्याच्या थंडीला लुधियानाचा तयार माल पुरतो, आणि हिवाळ्यात रस्त्याकडेला स्वेटरवाले बसतातच. काकूंनी गेल्या कित्येक वर्षांत मोठ्या मापाचं काही विणलं नव्हतं.

पॅटर्न, लोकर आणि नंबर

मुलगी बॉस्टनला असते. लग्नासाठी इकडे आली तेव्हा तिने सोबत सुपरवॉश मेरिनोच्या सात लड्या आणल्या, प्रत्येकी १०० ग्रॅमच्या, आणि एक अमेरिकन पॅटर्न छापून दिला. जावयाला पहिल्या दिवाळसणाला आईच्या हातचा स्वेटर मिळावा ही कल्पना तिचीच. काकूंना ती इतकी आवडली की सोन्याच्या अंगठीचा विषय घरात मागे पडला.

पॅटर्नमध्ये लिहिलं होतं: दहा सेंटिमीटरला १८ टाके आणि २४ ओळी. सुया, बॉर्डरला ६ नंबर आणि बाकी अंगाला ८ नंबर. पाठीला ९६ टाके. गणित सरळ आहे: ९६ टाके, १८ च्या मापाने, ५३.३ सेंटिमीटर. पुढचं आणि मागचं मिळून घेर १०६.७, म्हणजे ४२ इंच. जावयाची छाती ३९ इंच. आतून शर्ट घालायचा तर तीन इंचांची मोकळीक ठीक.

काकूंच्या डब्यात ८ नंबरच्या सुया होत्याच. त्यांनी त्याच घेतल्या.

आता नंबरांबद्दल. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १२ नंबर २.७५ मिलिमीटरची, १० नंबर सव्वातीनची, ८ नंबर चार मिलिमीटरची. अमेरिकन नंबर नेमके उलटे चालतात, मोठा नंबर म्हणजे जाड सुई. त्यांची ८ नंबर पाच मिलिमीटरची, ६ नंबर चारची. म्हणजे आपली ८ ती त्यांची ६, आणि आपली ६ ती त्यांची ८. ७ नंबर तेवढी दोन्हीकडे साडेचार मिलिमीटरची आहे, ज्याने गोंधळ कमी होण्याऐवजी वाढतो, कारण एखादीने ७ नंबर ताडून पाहिली तर तिला वाटेल की दोन्ही पद्धती एकच.

यात मला सगळ्यांत चटका लावणारी गोष्ट अशी की काकूंना पॅटर्नने इशारा दिला होता आणि तो त्यांना दिसलाही होता. बॉर्डर नेहमी बारीक सुईवर विणतात, म्हणजे ती अंगाला धरून बसते. हे काकूंना झोपेतही ठाऊक आहे. आणि इथे बॉर्डरला ६, अंगाला ८. आपल्या नंबरांनी वाचलं तर बॉर्डर जाड सुईवर आणि अंग बारीक सुईवर. हे शक्यच नाही! काकू म्हणतात, "मला वाटलं, छापताना उलटसुलट झालं असेल. मुलीला विचारणार होते, पण ती तिथे रात्रपाळीला असायची आणि तिला विणकामातलं काय कळतंय." त्यांनी आपल्या सवयीनुसार बॉर्डर १० नंबरवर विणली आणि अंग ८ वर. पॅटर्न चुकलाय असं समजून त्यांनी तो दुरुस्त केला. नवख्या मुलीने विचारलं असतं की हे असं का. जाणकाराने उत्तर स्वतःच भरून टाकलं.

पहिला घाव: सहा इंच

चार मिलिमीटरच्या सुयांवर ही लोकर दहा सेंटिमीटरला २१ टाके देत होती. ९६ टाके झाले ४५.७ सेंटिमीटर. घेर ३६ इंच.

हे लगेच का कळलं नाही, असं बरेचजण विचारतात. ज्याने सरळ सुयांवर विणलं आहे तो विचारणार नाही. चौदा इंची सुई साडेपस्तीस सेंटिमीटरची. तिच्यावर ९६ टाके दाटीवाटीने बसतात, कापड चुण्या पडून लोंबतं, त्याची खरी रुंदी डोळ्यांना दिसतच नाही. मोजायचं तर अर्धे टाके दुसऱ्या सुईवर घेऊन कापड सपाट पसरावं लागतं. काकूंनी ते केलं एक वीत विणून झाल्यावर, आणि तेही जावयाचा एक शर्ट घरी राहिला होता तो शेजारी ठेवून. शर्टाच्या दोन्ही बाजू विणलेल्या पट्टीबाहेर डोकावत होत्या.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, लोकर आहे, ताणते की. धुतल्यावर बसेल." हे वाक्य लक्षात ठेवावं. या प्रकरणात ते तीन वेळा तीन वेगवेगळ्या माणसांनी उच्चारलं, आणि दर वेळी त्याचा अर्थ निराळा होता.

वीण पुठ्ठ्यासारखी कडक झाली होती म्हणून काकूंचं मन मानेना. त्यांनी पॅटर्नचा फोटो भाच्याला पाठवला. विणकामाशी काडीचा संबंध नसलेल्या त्या मुलाने कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेले मिलिमीटर वाचून दाखवले. पाच. काकूंनी सुई टेपवर ठेवून मोजायचा प्रयत्न केला, मग दुकानात जाऊन मिलिमीटर छापलेली पाचाची गोल सुई आणली, आणि विणलेलं सगळं उसवलं.

उसवण्याचं त्यांना दुःख झालं नाही. उसवणं हा विणकामाचाच भाग आहे, विणणाऱ्या बायका ते हसत करतात. दुःख झालं ते हे की चूक सुईच्या डब्यात होती, हातात नव्हती, आणि तरी घरात सगळे म्हणाले की "चुकलं वाटतं".

दुसरा घाव, जो कुणाला दिसला नाही

काकू आता सावध झाल्या होत्या. पहिल्यांदाच त्यांनी नमुन्याचा तुकडा विणला. पाच मिलिमीटरची सुई, २० टाके, २५-३० ओळी. मोजला: दहा सेंटिमीटरला बरोब्बर १८ टाके, २४ ओळी. पॅटर्नमध्ये लिहिलंय तेच. त्यांनी निःश्वास सोडला आणि ९६ टाके घातले.

हा तुकडा त्यांनी ठेवून दिला होता, हे माझं नशीब. त्या तुकड्यात सगळं प्रकरण होतं.

तो कोणत्या लोकरीचा विणला होता? नुकत्याच उसवलेल्या. उसवलेली लोकर कुरळी असते. टाक्यांचं वळण तिच्यात बसलेलं असतं आणि ते जायला तिची लडी करून, चार ठिकाणी सैल बांधून, कोमट पाण्यात भिजवून, हलकं वजन लावून टांगावी लागते. काकूंनी ती थेट गुंडा करून विणली. कुरळी लोकर आखडून बसते, त्यामुळे दहा सेंटिमीटरमध्ये जास्त टाके मावतात. शिवाय तुकडा धुतला नव्हता. आणि रुंदी जेमतेम अकरा सेंटिमीटर. सुलट विणीचा तुकडा कडांना वळतो. दहा सेंटिमीटर मोजताना त्या वळलेल्या कडाही मोजणीत आल्या.

मी उरलेल्या कोऱ्या लडीतून त्याच सुईवर ४० टाक्यांचा तुकडा विणला. न धुता मधोमध मोजला: साडेसतरा टाके, २३ ओळी. मग तो आणि काकूंचा जुना तुकडा, दोन्ही कोमट पाण्यात भिजवले, टॉवेलात दाबले, सपाट वाळवले. दोन्ही सारखे आले: १७ टाके, २२ ओळी.

अठराचे सतरा. ऐकायला काहीच नाही. पण ९६ टाके १७ च्या मापाने ५६.५ सेंटिमीटर होतात, घेर ११२.९, म्हणजे साडेचव्वेचाळीस इंच. अडीच इंच इथेच गेले. ओळींचं त्याहून वाईट. काकूंनी लांबी ओळी मोजून धरली होती, १६४. चोविसाने ६८.३ सेंटिमीटर, बाविसाने ७४.५.

बाळाच्या स्वेटरमध्ये एका टाक्याचा फरक दोन सेंटिमीटरमध्ये संपला असता. इथे तीच चूक घेरात सहा सेंटिमीटर आणि लांबीत सहा सेंटिमीटर खाऊन गेली.

सुपरवॉश म्हणजे काय

लोकरीच्या धाग्यावर सूक्ष्म खवले असतात. साबण, गरम पाणी आणि घुसळणं एकत्र आलं की हे खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमद्यासारखा, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडासारखा होतो. गरम पाण्यात टाकलेला शुद्ध लोकरीचा स्वेटर ज्यांच्या घरी बाहुलीला आला आहे त्यांना हे सांगायला नको. सुपरवॉश प्रक्रियेत क्लोरीनने हे खवले बोथट करतात आणि वर बहुधा पॉलिमरचा पातळ लेप देतात. लोकर मऊ, चकचकीत होते आणि आटत नाही. लेबलवर लिहिलेलं असतं की मशीनमध्ये धुता येईल, ते खरंच असतं.

पण जे खवले लोकर आटवतात तेच तिला धरूनही ठेवतात. ते गेले की धागे एकमेकांवरून घसरतात. ओल्या सुपरवॉशचा स्वेटर हातात घेतला तर तो वाढतोय असं अक्षरशः जाणवतं. "मशीनमध्ये धुता येईल" याचा अर्थ आटणार नाही एवढाच. वाढणार नाही असं लेबल कुठेच म्हणत नाही, आणि लोकरीच्या व्यापारात हे ठळक सांगण्याची पद्धत नाही, याबद्दल माझी तक्रार आहे. अमेरिकेत निदान अनेक घरांत कपडे वाळवायचा ड्रायर असतो. मंद उष्णतेवर थोडा वेळ फिरवला की असा स्वेटर बराचसा पूर्ववत येतो. आपल्या घरातल्या बहुतेक मशिनी पाणी झटकून देतात, वाळवत नाहीत.

तिसरा घाव: दोरी

स्वेटर शिवून पूर्ण झाला तेव्हा काकूंना तो किंचित मोठा वाटला होता. मुलगी व्हिडिओवर बघून म्हणाली, "आई, मस्त आहे, धुतल्यावर बसेल." हे वाक्य दुसऱ्यांदा. तिच्या मनात ड्रायर होता. काकूंच्या मनात बाल्कनी.

ऑक्टोबरचं ऊन. साडेसहाशे ग्रॅमचा स्वेटर, त्यात त्याच्या वजनाएवढं पाणी, आणि खांद्यांना दोन-दोन चिमटे लावून दोरीवर. संध्याकाळी काढला तेव्हा लांबी ७९ सेंटिमीटर. काकूंनी तो स्वतःच्या अंगाला लावला. त्यांच्या गुडघ्यापर्यंत आला. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, असं काका सांगतात. काका तिसऱ्यांदा म्हणाले, "पुन्हा धुऊन बघ, बसेल." गंमत अशी की तिघांत काकांचंच म्हणणं थोडंफार बरोबर निघालं.

कारण मी पहिली गोष्ट तीच केली. ७९ मधले किती सेंटिमीटर दोरीचे आणि किती विणीचे, हे वेगळं काढल्याशिवाय कात्रीला हात लावण्यात अर्थ नव्हता. स्वेटर पुन्हा भिजवला, जाड टॉवेलात गुंडाळून त्यावर उभी राहिले, मग पलंगावर चादर घालून सपाट पसरला, खालून वर आणि बाजूंनी आत हलकेच सरकवत. पंखा. दीड दिवसाने मोजला: ७५. हिशेबाने यायला हवा होता ७४.५. म्हणजे दोरीने ओढलेले चार सेंटिमीटर परत आले, आणि उरलेला फरक तुकड्याच्या आकड्यांशी जुळला. बाह्या ५४ वरून ५१ वर आल्या.

हे आकडे मी काकूंपुढे कागदावर मांडले. त्यांनी चष्मा लावून बेरजा-भागाकार तपासले. मग म्हणाल्या, "म्हणजे हाताचा दोष नाही." आणि चहा टाकायला उठल्या. दुरुस्ती पुढे कशीही झाली असती तरी माझं अर्धं काम तिथे झालं होतं.

काय करता आलं असतं

सगळं उसवून साडेचारच्या सुईवर पुन्हा विणणं, हा शास्त्रशुद्ध मार्ग. वेळ नव्हता आणि काकूंच्यात जोरही नव्हता. पहिल्या उसवण्याच्या वेळी हसणारी बाई पूर्ण झालेल्या स्वेटरपुढे हसत नाही. पूर्ण वस्तू उसवणं वेगळं असतं.

वहिनींचं मत होतं की आहे तसाच द्यावा, सध्या ओव्हरसाइझ चालतं. चालतं, पण ज्या जावयाने आयुष्यात पहिल्यांदा सासूचा स्वेटर घालायचा त्याने तो मांड्यांपर्यंत घालून फोटो काढावा, हे काकूंना मान्य नव्हतं. मलाही नाही.

शिवणयंत्रावर दोन शिवणी मारून बाजूने कापून टाकायचा मार्ग खवल्यांच्या जुन्या लोकरीत चालतो, कारण कापलेली कड तिथे स्वतःला धरून राहते. सुपरवॉशची कड घसरते. तो विचार सोडला.

राहिला खालून तोडण्याचा मार्ग. बॉस्टनचा ड्रायर त्यानंतरही हाताशी होताच.

कात्री

विणलेलं कापड वरच्या टोकाकडून सरसर उसवतं. खालून, टाके घातले त्या बाजूने, नुसतं ओढून उसवत नाही. दर टाक्याला दोरा ओवून काढावा लागतो. म्हणून खालून लांबी कमी करायची तर मधली एक ओळ तोडतात, बॉर्डरसकट खालचा भाग वेगळा करतात, मोकळे झालेले टाके सुईवर घेतात आणि नवी बॉर्डर वरून खाली विणतात. साध्या सुलट विणीत उलट दिशेने विणलेलं दिसून येत नाही, टाका अर्ध्या घराने सरकतो तेवढाच. चालू बॉर्डरच्या मधोमध तोडलं तर मात्र उभ्या रेघा तुटलेल्या दिसतात. म्हणून तोडायचं ते सुलट भागातच.

अंगात ७४.५ चे ६८.३ करायचे, म्हणजे ६.२ सेंटिमीटर, बाविसाच्या मापाने १४ ओळी. बाहीत साधं गणित ९ ओळींचं येत होतं, पण खांद्यांची रुंदीही वाढली होती. दोन्ही बाजूंना सव्वा सेंटिमीटर खांदा खाली ओघळणार आणि बाही तेवढी पुढे येणार. म्हणून बाहीतून १२ ओळी.

बाजूच्या शिवणी आधी उसवल्या. मग राखायच्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायातून बोथट सुईने पांढरा दोरा ओवून घेतला. ही एक ओळ ओवायला चांगला तास गेला. ओळ चुकून वरखाली झाली तर कापड तिरकं तुटतं. तिच्या खालच्या ओळीतला मधला एक टाका उचलला आणि कात्री घेतली.

काकू "पोहे करते" म्हणून आत गेल्या. घरात पोहे संपले होते, हे त्यांना आत गेल्यावर कळलं.

टाका कापला, धागा दोन्हीकडे टाक्याटाक्याने ओढून काढला, आणि बॉर्डरचा पट्टा सुटून माझ्या मांडीत पडला. सुईवर ९५ टाके आले. ते तसंच यायला हवं होतं. उलट दिशेने उचलताना कडेचं अर्धं घर सुटतं. एक वाढवून ९६ केले.

नवी बॉर्डर काकूंनी स्वतः विणली, दोन सुलट दोन उलट. सुई कोणती घ्यायची? पॅटर्न म्हणतो ६ नंबर. अमेरिकन ६, म्हणजे चार मिलिमीटर, म्हणजे काकूंच्या डब्यातली ८ नंबर. ज्या सुयांमुळे हे सगळं सुरू झालं त्यांचं काम खरं तर बॉर्डरचं होतं. काकूंनी त्या सुयांना उद्देशून एक शब्द वापरला, तो छापण्यासारखा नाही.

बाहीला एक खाच होती. बाही मनगटाकडून वर विणलेली, दर आठ ओळींनी दोन्ही कडांना एकेक टाका वाढवत. खालून १२ ओळी गेल्या म्हणजे दोन वाढी गेल्या आणि मनगटाशी चार टाके जास्त उरले. ते बॉर्डरच्या पहिल्याच ओळीत दोन-दोन एकत्र विणून मिटवले. टाके बंद करताना एका नंबराने जाड सुई घ्यायला लावली, नाहीतर कड आवळते आणि हात आत जात नाही. काकूंना हे सांगावं लागलं नसतं, पण त्या दिवसांत त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची होती आणि मी दोनदा सांगत होते.

शिवताना बाजूच्या शिवणी दोन्हीकडे एकेक टाका आतून घेतल्या. चार टाके, म्हणजे साधारण एक इंच. घेर साडेत्रेचाळीस इंचांवर आला.

जे दुरुस्त झालं नाही

मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा. पॅटर्नप्रमाणे तो २४ सेंटिमीटर खोल हवा होता, ५८ ओळींचा. बाविसाच्या मापाने तो साडेसव्वीसच्या आसपास झाला आहे. खालून कितीही ओळी काढल्या तरी मुंढ्याला फरक पडत नाही. त्यासाठी खांदे, गळा आणि बाहीची वरची गोलाई उसवावी लागेल. हात खाली असताना काही कळत नाही. हात वर केला की सगळा स्वेटर बाहीबरोबर उचलला जातो. गळाही थोडा मोठा झाला होता. त्याची पट्टी उसवून सहा टाके कमी करून पुन्हा विणली, ते काम एका संध्याकाळचं.

पाडव्याला ओवाळणीनंतर जावयाने स्वेटर घातला. पुण्याच्या ऑक्टोबर हीटमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या दुपारी तो त्याने दहा मिनिटं अंगावर ठेवला, हे त्याच्या सौजन्याचं प्रमाणपत्र मानायला हरकत नाही. लांबी बरोबर कमरेखाली, बाह्या मनगटावर. त्याने हात वर करून पंख्याचं बटण दाबलं तेव्हा मी आणि काकूंनी एकमेकींकडे बघितलं. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

मुलीला म्हटलं, तिकडे गेल्यावर ड्रायरमध्ये घाल, मंद उष्णतेवर, किंचित ओला असतानाच काढ, आणि मग सपाट वाळव. पण स्वेटर घालण्याआधी माझा ४० टाक्यांचा तुकडा घालून बघ. तो तिच्या बॅगेत दिला आहे, सोबत कागदावर आधीचे आकडे: १७ आणि २२. तुकडा साडेसतरा-तेवीसवर आला तर मुंढा सेंटिमीटरभर तरी वर येईल, पण अंग आणि बाह्याही त्याच प्रमाणात आखूड होतील. अंगाला ते चालेल. बाहीला चालेल का, यावर काकूंचं आणि माझं एकमत नाही. त्या म्हणतात, बाही दोन-अडीच सेंटिमीटरने आत गेली तर थंडीत मनगट उघडं पडेल. मग ड्रायर नको, मे महिन्यात दोघं येतील तेव्हा स्वेटर घेऊन यायला सांगू आणि खांदे उसवू. मी म्हणते, मुंढा राहू दे. त्यांनी उरलेली लोकर लडी करून, धुऊन, वजन लावून वाळवून ठेवली आहे.